सेल्माची चर्च आणि सेल्माचे रस्ते : जुन्या छायाचित्रांतून उलगडणारा इतिहास

अमेरिकेच्या दक्षिणेतील एका छोट्या गावाची जुनी छायाचित्रे आज इतिहास संशोधकांच्या दृष्टीने मोलाची ठरली आहेत. त्यांतील इमारती ओळखू येतात, दुकानांच्या पाट्याही वाचता येतात; मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या शेकडो माणसांची नावे अद्याप ठाऊक नाहीत. ती नावे शोधण्याची धडपड आता काळाशी शर्यत बनली आहे.

अलाबामा राज्यातील सेल्मा हे गाव तसे लहानच. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या जेमतेम १८ हजार. अलाबामा नदीच्या काठी वसलेले हे गाव डॅलस काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण आहे. (टेक्सासमधील डॅलस शहराशी याचा संबंध नाही.) कापसाचा व्यापार, नदीवरील बोटींची वाहतूक आणि नंतर आलेली रेल्वे यांच्या बळावर एकोणिसाव्या शतकात ते भरभराटीला आले. राज्याची राजधानी माँटगोमेरी येथून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. अमेरिकेत अशी गावे शेकड्यांनी सापडतील. एक मुख्य रस्ता, त्याच्या दुतर्फा दुमजली-तिमजली विटांची दुकाने, एक न्यायालय, एक पूल आणि प्रत्येक वस्तीत एखाद-दुसरे चर्च, असे त्यांचे ठरलेले रूप असते.

तरीही सेल्माच्या चर्चची आणि बाजारपेठेची छायाचित्रे जगभरच्या संग्रहालयांत, पाठ्यपुस्तकांत आणि अभिलेखागारांत जपून ठेवली आहेत. याचे कारण १९६५ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत दडलेले आहे. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा लढा या गावातील चर्चमध्ये आखला गेला, रस्त्यांवर लढला गेला आणि कॅमेऱ्यांच्या साक्षीने देशभर पोहोचला.

पोस्टकार्डांवरचे गाव

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत छायाचित्रांच्या पोस्टकार्डांची लाट आली होती. गावोगावचे मुख्य रस्ते, न्यायालये, शाळा आणि चर्च यांची चित्रे असलेली कार्डे पैशा-दोन पैशांना मिळत. सेल्माच्या ब्रॉड स्ट्रीटची अशी कार्डे आजही संग्राहकांकडे आढळतात. अशा कार्डांचा काळ ठरविण्याची एक सोपी खूण आहे. अमेरिकेत मार्च १९०७ पूर्वी पोस्टकार्डाची मागची संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे. मजकूर लिहायचा तर तो चित्राच्या बाजूलाच, कोपऱ्यात. त्यानंतर मागील बाजू मधोमध विभागण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे केवळ कार्ड उलटून पाहिले तरी त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

मात्र पोस्टकार्ड हे विक्रीसाठी काढलेले चित्र असते. गावाला स्वतःविषयी जे मिरवायचे असे, तेच त्यावर दिसे. रुंद रस्ते, नव्याने आलेले विजेचे खांब, श्रीमंत मंडळींची उंच मनोऱ्यांची चर्च यांना त्यात सहज जागा मिळे. गावातील कृष्णवर्णीयांची वस्ती आणि त्यांची प्रार्थनास्थळे सहसा या चौकटीबाहेरच राहत. जुन्या छायाचित्राचा अभ्यास करताना त्यात काय दिसते याइतकेच काय दिसत नाही याकडेही लक्ष द्यावे लागते, ते याचसाठी.

इव्हान्सचा कॅमेरा

डिसेंबर १९३५ मध्ये सेल्मात एक वेगळा छायाचित्रकार दाखल झाला. त्याचे नाव वॉकर इव्हान्स. महामंदीने ग्रासलेल्या ग्रामीण अमेरिकेची स्थिती नोंदविण्यासाठी अमेरिकी सरकारने एक छायाचित्र विभाग सुरू केला होता. रॉय स्ट्रायकर हे त्याचे प्रमुख होते. पुढे ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या सरकारी यंत्रणेच्या छायाचित्रकारांनी देशभर फिरून जो संग्रह उभारला, त्यातील कृष्णधवल निगेटिव्हची संख्याच पावणेदोन लाखांच्या घरात आहे. आज हा संग्रह वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहे. सरकारी खर्चाने काढलेली असल्याने ही छायाचित्रे कोणालाही विनामूल्य पाहता आणि वापरता येतात.

इव्हान्सने सेल्माच्या मुख्य रस्त्यावरील दुकानांची रांग आणि पदपथावरील माणसे टिपली. त्याची पद्धत अगदी साधी होती. कॅमेरा समोरासमोर ठेवायचा आणि इमारतीचा दर्शनी भाग सरळ, कोणतीही नाट्यमयता न आणता टिपायचा. पाट्या, खिडक्या, छज्जे, उभी असलेली वाहने असे सारे तपशील अशा चित्रात स्पष्ट येतात. स्ट्रायकर आपल्या छायाचित्रकारांना काय टिपावे याच्या लेखी सूचना देत असत. छोट्या गावातील माणसे कुठे जमतात, संध्याकाळ कशी घालवतात, रविवारी काय करतात, असे प्रश्न त्यांत असत. त्यामुळे या संग्रहात मुख्य रस्ता आणि चर्च हे दोन विषय वारंवार येतात.

या चित्रांत एक व्यवस्था शांतपणे वावरताना दिसते. वर्णभेद कायद्यानेच लादलेला तो काळ होता. त्याच रस्त्यावर गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची ये-जा होती, परंतु कोणी कुठे बसायचे, कोणत्या दारातून आत जायचे आणि कोणी मत द्यायचे हे ठरलेले होते. छायाचित्रात तो भेद ओरडून सांगितलेला नाही. पाहणाऱ्याने तो शोधून काढायचा आहे.

एकाच नावाची दोन चर्च

सेल्माच्या चर्चकडे पाहिले की ही विभागणी विटांमध्येच कोरल्यासारखी दिसते. गावात ‘फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च’ नावाची दोन चर्च आहेत. एक गोऱ्यांचे, दुसरे कृष्णवर्णीयांचे. दोघांचा पंथ एक, नावही एक, पण इमारती आणि रस्ते वेगळे. कृष्णवर्णीयांचे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च १८९४ मध्ये बांधले गेले. त्याची रचना डेव्ह बेंजामिन वेस्ट या स्थानिक कृष्णवर्णीय बांधकाम व्यावसायिकाची होती.

त्याच रस्त्यावर, काही पावलांच्या अंतरावर ब्राउन चॅपल आहे. लाल विटांची, दोन जुळ्या मनोऱ्यांची ही इमारत १९०८ मध्ये उभी राहिली. ए. जे. फार्ली या कृष्णवर्णीय बांधकाम व्यावसायिकाने ती बांधली. तेव्हाच्या सिल्व्हन स्ट्रीटला आज मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आहे. १९६५ मधील बहुतेक छायाचित्रांत मागे दिसणारे दोन मनोरे याच चर्चचे आहेत.

तिसरे टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्च १९२२ मधील आहे. ते गावाच्या मुख्य ब्रॉड स्ट्रीटवर असल्याने त्याचे वेगळेपण लगेच जाणवते. या चर्चला दोन रस्त्यांवर दोन सारखेच दर्शनी भाग आहेत. कृष्णवर्णीय भाविकांना मुख्य रस्त्यावरील दाराने ये-जा करता येत नसल्याने बाजूच्या रस्त्यावर तसाच दुसरा दर्शनी भाग बांधण्यात आला, असे सांगितले जाते. एरवी ज्या छायाचित्राकडे वास्तुकलेचा नमुना म्हणून पाहिले गेले असते, त्याचा अर्थ एवढ्या एका माहितीने बदलतो. मे १९६३ मध्ये मतदान हक्काच्या चळवळीची सेल्मातील पहिली मोठी सभा याच चर्चमध्ये झाली.

गोऱ्यांच्या सेंट पॉल्स एपिस्कोपल चर्चचाही या इतिहासात उल्लेख येतो. यादवी युद्धात, एप्रिल १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्याने सेल्मा जिंकले तेव्हा लागलेल्या आगीत या चर्चची जुनी इमारत नष्ट झाली. सध्याची इमारत १८७५ मध्ये पूर्ण झाली. मार्च १९६५ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या एकत्रित गटाला येथे आधी प्रवेश नाकारण्यात आला आणि महिनाअखेरीस तो मिळाला. त्या गटाचे नेतृत्व करणारा धर्मशास्त्राचा तरुण विद्यार्थी जोनाथन डॅनियल्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जवळच्या हेनव्हिल गावी गोळीबारात मारला गेला.

चर्चच का?

चळवळ चर्चमध्येच का एकवटली, याचे उत्तर व्यावहारिक आहे. डॅलस काउंटीत १९६१ च्या सुमारास मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय नागरिक १५ हजारांच्या आसपास होते. त्यांपैकी मतदार म्हणून नोंद होती फक्त दीडशेच्या आसपास लोकांची. नोंदणी कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडे असे. अर्जदाराला राज्यघटनेवरील किचकट प्रश्न विचारले जात आणि उत्तीर्ण कोणाला करायचे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. नोंदणीसाठी गेलेल्याला नोकरी गमवावी लागण्याची भीती होतीच. जुलै १९६४ मध्ये स्थानिक न्यायाधीशांनी तीन किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र जमून नागरी हक्कांविषयी बोलण्यावरही बंदी घातली.

अशा स्थितीत कृष्णवर्णीयांच्या मालकीची, मोठी आणि गोऱ्या मालकाच्या दबावाखाली नसलेली जागा गावात एकच होती, ती म्हणजे चर्च. २ जानेवारी १९६५ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी ब्राउन चॅपलमध्ये सभा घेतली आणि बंदी मोडीत काढली. पुढील तीन महिन्यांत चर्चपासून न्यायालयापर्यंत वारंवार मोर्चे निघाले. २२ जानेवारीला रेव्हरंड एफ. डी. रीस यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक नोंदणीसाठी न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेले. सूट-टोपी घातलेले, रांगेत शांतपणे उभे असलेले शिक्षक आणि समोर दंडुके घेतलेले पोलिस, हे त्या दिवसाचे चित्र. नोकरी जाण्याचा धोका पत्करून ही माणसे तेथे उभी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या चित्राचे वजन कळत नाही.

नागपूर ते सेल्मा

या कथेचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात कार्यरत होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी येथे केला. मायदेशी परतल्यावर टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे त्यांनी अहिंसक प्रतिकाराच्या कार्यशाळा घेतल्या. मार खाताना हात कसा उचलायचा नाही, डोके कसे सांभाळायचे, शिवीला उत्तर कसे द्यायचे नाही, याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण तेथे दिले जाई. सेल्मात संघटन उभारण्यासाठी आलेले बर्नार्ड लाफायेत आणि पुलावरील मोर्चाच्या अग्रभागी असलेले जॉन लुईस हे दोघेही लॉसन यांच्या या कार्यशाळांतून तयार झाले. खुद्द किंग १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांचा मुक्काम गावदेवीच्या मणिभवनात होता. सेल्माच्या छायाचित्रांत दिसणारी शिस्त ही अशा तयारीतून आलेली होती.

पूल, धूर आणि छायाचित्रकार

ब्रॉड स्ट्रीट नदीवरील ज्या पुलाला मिळतो, तो १९४० मध्ये खुला झाला. त्याला नाव देण्यात आले एडमंड पेटस यांचे. ते यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले सेनानी आणि पुढे सिनेटर झाले. ‘कू क्लक्स क्लॅन’ या वर्णद्वेषी संघटनेच्या अलाबामातील नेत्यांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पुलाची कमान मध्यभागी इतकी उंचावलेली आहे की गावाकडून चढणाऱ्याला पलीकडचे टोक दिसत नाही.

७ मार्च १९६५, रविवार. जिमी ली जॅक्सन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाल्याच्या निषेधार्थ सुमारे ६०० जण ब्राउन चॅपलमधून माँटगोमेरीकडे निघाले. लुईस आणि होझिया विल्यम्स पुढे होते. कमानीच्या माथ्यावर पोहोचल्यावर त्यांना पलीकडे रस्ता अडवून उभे असलेले राज्य पोलिस दिसले. परत फिरण्यासाठी दोन मिनिटांची मुदत देण्यात आली. ती संपण्याआधीच लाठीमार, अश्रुधूर आणि घोडेस्वारांचा हल्ला सुरू झाला. पन्नासहून अधिक जणांवर उपचार करावे लागले. हा दिवस ‘ब्लडी संडे’ म्हणून ओळखला जातो.

‘बर्मिंगहॅम न्यूज’चे छायाचित्रकार जेम्स ‘स्पायडर’ मार्टिन यांनी हा प्रसंग जवळून टिपला. इशारा देणारे पोलिस आणि शांत उभे मोर्चेकरी यांचे त्यांचे छायाचित्र ‘टू मिनिट वॉर्निंग’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या रात्री ‘एबीसी’ वाहिनीने नाझी युद्धगुन्हेगारांवरील खटल्याविषयीचा चित्रपट मध्येच थांबवून सेल्माची दृश्ये दाखविली. ती सुमारे ४ कोटी ८० लाख प्रेक्षकांनी पाहिली, असे मानले जाते.

याच्या नेमकी उलट गोष्ट त्याआधी १८ फेब्रुवारीला घडली होती. शेजारच्या मॅरियन गावात रात्रीच्या मोर्चावर हल्ला झाला आणि त्यातच जॅक्सन यांना गोळी लागली. त्या रात्री रस्त्यावरचे दिवे बंद झाले, छायाचित्रकारांना मारहाण झाली, कॅमेरे फोडले गेले, भिंगांवर रंग फवारला गेला. परिणामी तेथील चर्चबाहेर जे घडले त्याचा दृश्य पुरावा जवळजवळ उरलाच नाही. सेल्मा जगाला ठाऊक आहे आणि मॅरियन नाही, यामागे हे एक मोठे कारण आहे.

पुढचा घटनाक्रम वेगाने घडला. देशभरातून धर्मगुरू सेल्मात आले. बोस्टनहून आलेले जेम्स रीब यांच्यावर ९ मार्चला हल्ला झाला आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. १५ मार्चला ब्राउन चॅपलमध्ये त्यांची श्रद्धांजली सभा झाली. त्यानंतर न्यायालयापाशी किंग यांच्या शेजारी उभे असलेले ग्रीक ऑर्थोडॉक्स आर्चबिशप याकोव्होस यांचे छायाचित्र ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले. २१ मार्चला न्यायालयाच्या परवानगीने मोर्चा पुन्हा निघाला आणि २५ तारखेला माँटगोमेरीत पोहोचला. ६ ऑगस्टला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी केली.

नावांचा शोध

ही छायाचित्रे इतकी प्रसिद्ध असूनही त्यांतील बहुसंख्य चेहरे निनावी आहेत. लुईस, विल्यम्स, अमेलिया बॉइन्टन अशी काही नावे सर्वज्ञात आहेत. परंतु ६०० पैकी उरलेले कोण होते, याची यादी त्या दिवशी कोणी केली नव्हती. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाच्या इतिहास आणि बांधकामशास्त्र विभागांतील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी अलीकडच्या वर्षांत हे काम हाती घेतले आहे.

या कामाला दोन बाजू आहेत. पहिली जागेची. जुन्या छायाचित्रांत दिसणारे दिव्यांचे खांब, रस्त्याच्या कडा, गाद्या आणि ताडपत्र्यांच्या छतांच्या दुकानाची पाटी असे स्थिर बिंदू निश्चित करायचे. आजच्या जागेचे लेसर मोजमाप घेऊन ते बिंदू त्यावर बसवायचे. एकाच प्रसंगाची वेगवेगळ्या कोनांतून काढलेली चित्रे उपलब्ध असतील तर छायाचित्रकार कुठे उभा होता, पोलिसांची रांग नेमकी कुठे होती, मोर्चा कुठवर पोहोचला होता, हे सांगता येते. त्या काळच्या अनेक इमारती आज नाहीत. छायाचित्रांच्या आधारे त्या संगणकावर पुन्हा उभ्या करता येतात.

दुसरी बाजू माणसांची. छायाचित्रातील प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यायचा, चित्रे गावकऱ्यांसमोर आणि त्यांच्या नातेवाइकांसमोर ठेवायची आणि ‘हे कोण?’ असे विचारायचे. कोणाला आईचा कोट ओळखू येतो, कोणाला मामाची चालण्याची ढब. एका साक्षीवर न थांबता दुसऱ्याकडून खातरजमा करावी लागते, कारण साठ वर्षांनी स्मृती दगा देऊ शकते. १९६५ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. त्यामुळे हा शोध फार काळ लांबणीवर टाकता येण्यासारखा नाही.

नावांचे महत्त्व केवळ भावनिक नाही. ज्या नागरिकांची नोंद मतदार याद्यांनी नाकारली, त्यांची नोंद इतिहासानेही केली नाही, असे होऊ नये हा त्यामागचा विचार आहे.

जतनाचा प्रश्न

मूळ निगेटिव्ह आणि ठसे जपण्याचे कामही तितकेच निकडीचे आहे. स्पायडर मार्टिन यांचे २००३ मध्ये निधन झाले. त्यांचा संग्रह २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ब्रिस्को केंद्राने अडीच लाख डॉलरला विकत घेतला. अलाबामाच्या राज्य अभिलेखागारात ‘सदर्न कुरियर’ या १९६५ मध्ये सुरू झालेल्या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम पेपलर यांची हजारो छायाचित्रे आहेत. मोर्चे संपल्यावरचे कृष्णवर्णीयांचे रोजचे जीवन, म्हणजे घरे, शेते, शाळा आणि चर्चमधील रविवार, त्यांत पाहायला मिळते.

खुद्द गावाची स्थिती मात्र चिंतेची आहे. १९६० मध्ये २८ हजारांवर असलेली लोकसंख्या घटत गेली. १९७७ मध्ये जवळचा क्रेग हवाई तळ बंद झाला आणि रोजगार गेला. बाजारपेठेतील अनेक दुकाने ओस पडली. १२ जानेवारी २०२३ रोजी टोर्नेडोने गावाचे मोठे नुकसान केले. ब्राउन चॅपलच्या लाकडी सांगाड्याला वाळवी आणि ओल लागल्याने २०२२ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसा संस्थेने देशातील सर्वाधिक धोक्यातील ११ स्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला. अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठीही जुनी छायाचित्रे उपयोगी पडतात. खिडकीची मूळ चौकट कशी होती, मनोऱ्याचा कळस कसा होता, याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा तीच असतात.

कायद्याच्या पातळीवरही १९६५ चा विषय मिटलेला नाही. मतदान नियमांत बदल करण्यापूर्वी ज्या राज्यांना केंद्राची पूर्वसंमती बंधनकारक होती, ती ठरविणारे कायद्यातील सूत्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१३ रोजी रद्द केले. तो खटला अलाबामातीलच शेल्बी काउंटीने दाखल केला होता. त्यामुळे मतदार नोंदणीसाठी न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या शिक्षकांची ती कृष्णधवल चित्रे अमेरिकेत आजही चालू वादाचा संदर्भ म्हणून वारंवार काढली जातात.

जॉन लुईस पुढे अनेक वर्षे अमेरिकी संसदेचे सदस्य होते. जुलै २०२० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांची शवपेटी घोड्यांच्या गाडीतून याच पुलावरून नेण्यात आली. त्या वेळी राज्य पोलिसांनी त्यांना सलामी दिली. १९६५ आणि २०२० मधील ही दोन छायाचित्रे आता अनेक ठिकाणी शेजारी शेजारी मांडली जातात. दोन्हींत पूल तोच आहे आणि त्यावरील पेटस यांचे नावही तेच आहे.

जुने छायाचित्र कसे वाचावे?

• प्रथम स्थिर गोष्टी पाहाव्यात : मनोरे, पूल, रस्त्यांचे कोपरे. त्यांवरून जागा निश्चित होते.

• मग बदलणाऱ्या गोष्टी : दुकानांच्या पाट्या, वाहनांचे प्रकार, कपडे, चित्रपटांच्या जाहिराती. त्यांवरून काळाचा अंदाज येतो.

• सावल्यांच्या लांबी-दिशेवरून दिवसाची वेळ आणि ऋतू ताडता येतो.

• चित्र कोणी, कोणासाठी काढले हे तपासावे. पोस्टकार्ड विक्रेता, सरकारी छायाचित्रकार, वृत्तपत्र आणि पोलिस यांचे हेतू वेगळे असतात.

• मागील बाजूवरील नोंद, शिक्का किंवा हस्ताक्षर कधीही पुसू नये वा कापू नये.

• घरातील जुन्या छायाचित्रांतील माणसांची नावे ज्येष्ठांना विचारून आजच लिहून ठेवावीत. लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी.